न झालेल्या वेदनेचे ‘शमन’

मिरजेच्या एका रुग्णालयातील संमतिपत्रावर ‘शस्त्रक्रियेपूर्वी शोथरोधी वेदनाशामक दिले जाईल’ असे वाक्य (शोथरोधी म्हणजे सूज रोखणारे) वाचून एका वाचकाने विचारले आहे, की दुखणे सुरूच झालेले नसताना शमन कशाचे, आणि तिथे ‘वेदनाप्रतिबंधक’ हा शब्द अधिक योग्य ठरला नसता का.

शंका रास्त आहे, कारण शमन व्हायला आधी काहीतरी खवळलेले असावे लागते. तरीही ‘प्रतिबंधक’ मला पटत नाही. ‘रोगप्रतिबंधक लस’ म्हटले की रोग होऊच नये अशी अपेक्षा धरली जाते. इथे मात्र वेदना होतेच, फक्त तिचा जोर कमी राहतो आणि मॉर्फीनसारखी औषधे कमी लागतात. हा लाभही काही शस्त्रक्रियांत ठळक, तर काहींत बेताचाच असतो.

खरे काम ‘शोथरोधी’ या शब्दात आहे. कातडी आणि स्नायू कापले गेले, की जखमेच्या जागी सायक्लोऑक्सिजनेज या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) प्रोस्टाग्लँडिने नावाची रसायने तयार होऊ लागतात. ती तिथली चेताग्रे (मज्जातंतूंची टोके) हळवी करतात, आणि मग साधे खोकणे किंवा कूस बदलणेही असह्य होते. वेदनेच्या संदेशांचा हा मारा चालू राहिला तर मज्जारज्जूतील चेतापेशीही हळव्या होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. याच गटातले आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक छेदापूर्वीच रक्तात पोचलेले असेल, तर ही निर्मिती सुरुवातीलाच अडते. म्हणून ‘रोध’ नेमका बसतो.

काही जण ‘दाहशामक’ लिहितात, पण मराठीत दाह म्हणजे मुख्यतः जळजळ, आणि वाचणाऱ्याला पित्ताची गोळी आठवते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना हे चारही ‘शोथ’मध्ये येतात, संधिशोथ, यकृतशोथ हे शब्द त्यातूनच झाले.

अर्थात सांगलीकडचा रुग्ण ‘दुखायची गोळी’ म्हणतो (व्याकरणाने पाहिले तर ती दुखवणारी ठरावी!), त्यामुळे त्याच्या हाती देण्याच्या कागदावर मी ‘शस्त्रक्रियेनंतर कमी दुखावे म्हणून आधीच देण्याचे सूज-वेदनेचे औषध’ असे लिहीन. शिवाय जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास भूलतज्ज्ञांना आधी सांगावे, ही ओळही तिथेच हवी, कारण हाच रोध जठराच्या अस्तराला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेलाही बाधू शकतो.