साठाव्या वर्षीही हे करशील का?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

काल जाताना तुझी वही माझ्या टेबलावर राहिली. विसरलास की मुद्दाम ठेवलीस, मला ठाऊक नाही. मी ती उघडून वाचली, त्याबद्दल क्षमा कर. पहिली एकोणीस पानं भरलेली. रोजच्या खाण्याची घासाघासाची नोंद, कॅलरींची बेरीज, दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत वजन आणि खाली निळ्या पेनाने बरोबरची खूण. विसाव्या पानावर नुसती लाल फुली, इतकी दाबून मारलेली की पुढच्या दोन-तीन पानांवर तिचा वळ उमटलाय. मग सगळी वही कोरी.

त्या कोऱ्या पानांमुळे रात्री मला झोप लागली नाही.

काल तू विचारलंस, "सर, माझ्यात जिद्दच कमी आहे का?" आणि मी "होईल रे हळूहळू" असं गुळमुळीत काहीतरी बोलून विषय बदलला. तसं करायला नको होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही एका वडीलधाऱ्याला हेच विचारलं होतं आणि त्यांनीही मला असंच वाटेला लावलं होतं. पुढे ते मला फार महागात पडलं.

तर उत्तर असं, की जिद्द कमी नाही, बेत चुकला. एकोणीस दिवस १,१०० कॅलरींवर राहून पहाटे तासभर पळणं बिनजिद्दीच्या माणसाला जमत नाही. पण मला एकच सांग, साठाव्या वर्षीही तू हे करत असशील का? नसशील, तर आज सुरू कशाला केलंस? ज्या उपायाने वजन उतरलं, तो उपाय सोडला की वजन परत येतं. यात अपवाद शोधण्यात मी आयुष्यातली आठ वर्षं घालवली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. तत्त्वासाठी शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेली ही माणसं स्वखुशीने आली होती, त्यामुळे जिद्दीची वानवा नव्हती. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी मिळाल्या. तुझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा ५०० जास्त. वजन जवळपास चौथाईने उतरलं. पण चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं आणि डोक्यात चोवीस तास अन्न! कुणी पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचा, कुणी ताट चाटून पुसून ठेवायचा. प्रयोग संपल्यावर समोर भरपूर अन्न आलं, तरी कित्येकांची भूक महिनोन्महिने भागेना. विसाव्या दिवशी रात्री दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहून तू जे खाल्लंस, त्याची तुला एवढी लाज वाटते ना? ती धडधाकट, ध्येयवादी माणसंही तशीच वागली होती.

शरीराला उपास आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. चरबी घटली की लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक घटतं आणि पुरेसा साठा असल्याचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण पोचतो. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं आणि भूक वाढते. दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या माणसांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातली ही संप्रेरकं वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आली नव्हती. आता तू म्हणशील, मग सावकाश उतरवलं तर? सावकाश उतरवलं तरी ही ओढ राहतेच. म्हणून नीट वाच, मी 'हळू कर' म्हणत नाहीये, 'टिकेल ते कर' म्हणतोय. या दोन्हींत गल्लत करू नकोस. ती मी केली होती.

आणि तो काटा. पहिल्या आठवड्यात २.८ किलो उतरले म्हणून तू पानभर लिहिलंयस. अरे, एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. २.८ किलो चरबी सात दिवसांत जाळायची, तर रोज ३,००० कॅलरींची तूट हवी. तुझा दिवसाचा सगळा खर्चही तेवढा नसेल. गेलं ते मुख्यतः पाणी. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन म्हणतात त्याला. प्रत्येक ग्रॅमसोबत तो सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तोडलं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं. नंतर काटा अडला, तेव्हा तुला वाटलं आपण हरलो. खरं तर तेव्हा उतरत होती ती मुख्यतः चरबी आणि नेमक्या त्याच वेळी तू फुली मारलीस.

माझंही सांगतो. १०३ किलोंवरून मी चार महिन्यांत ७९ वर आलो होतो. सगळीकडे वाहवा. ऑफिसात लोक उठून येऊन हात मिळवायचे. दीड वर्षात मी १०८ झालो आणि मधल्या काळात पित्ताशयात खडे झाले. झपाट्याने वजन उतरलं की त्या खड्यांचा धोका वाढतो, हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. ज्यांनी तो आहार आखून दिला होता, त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण पित्ताशय गेल्याचं मला तेवढं दुःख नाही.

त्या चार महिन्यांत मी घरच्यांबरोबर एकदाही जेवलो नाही. माझा डबा वेगळा, वेळ वेगळी. मुलगी नऊ वर्षांची होती. रोज माझं ताट मांडायची आणि मी ते उचलून ठेवायचो. पाच वर्षांनी तीच मुलगी जेवण टाळायला लागली. वाढलेलं बशीखाली झाकून ठेवायची. मी रागावलो तर म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर दाखवलंत कसं करायचं ते." मी तेव्हा तिला काय उत्तर देणार होतो? आज ती बरी आहे, पण त्यात आमची बरीच वर्षं गेली. त्या सगळ्याला माझा तो आहार एकटाच कारण होता असं नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं. तरीही ते उचलून ठेवलेलं ताट मला अजून दिसतं. म्हणून तू डबा घेऊन कोपऱ्यात जेवताना दिसलास, की मला राग येतो. तुझा नाही, त्या बेताचा.

मग केलं काय, असं तू विचारशील आणि यादी मागशील. यादी देणार नाही, कारण तू ती सगळी सोमवारपासून सुरू करशील. मी पहिल्यांदा फक्त ऑफिसातल्या टेबलाचा खालचा खण रिकामा केला. बिस्किटांचे पुडे, वेफर्स, बाटलीतली गोड पेयं. भूक नसताना हात तिथे जायचा. हात जाणं थांबवायला मनाशी झगडावं लागलं असतं, खण रिकामा करायला दहा मिनिटं लागली. केव्हिन हॉल या संशोधकाच्या २०१९ च्या प्रयोगात २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्हीकडे हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेलं समोर असताना ती नकळत दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. कुणी ठरवून खाल्लं नव्हतं. म्हणून स्वतःशी भांडण्याआधी हाताशी काय ठेवलंयस ते बघ.

खणाची सवय अंगात मुरल्यावर रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं सुरू केलं. आधी पंधरा मिनिटं, पुढे अर्धा तास. पाऊस असला तर घरातल्या घरात. मग पानात भाजी आणि डाळ आधी, बाकीचं नंतर. मग झोप. आणि पन्नाशीनंतर आठवड्यातून दोनदा थोडी वजनं उचलणं, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते म्हातारपणी लागतात. एवढ्याला मला तीन वर्षं लागली. प्रत्येक गोष्टीआधी तोच प्रश्न, साठाव्या वर्षीही करीन का? पहाटे पाचला पळणं त्या प्रश्नापुढे टिकलं नाही, सोडून दिलं. चालणं टिकलं. मी आता एकसष्ट वर्षांचा आहे आणि काल रात्रीही चाललो.

तुझ्या लाल फुलीबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवय जडायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील इतका फरक. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही, असंही त्यांना दिसलं. तू एका चुकलेल्या दिवसासाठी एकोणीस दिवस जाळून टाकलेस. विसाव्यानंतर एकविसावा दिवस येतो रे! तो का लिहिला नाहीस?

तू वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचंही विचारलंस. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, काहींना त्यांची खरी गरज असते आणि तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइड (अशा इंजेक्शनातलं एक औषध) आणि सोबतचं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे तिथेही प्रश्न तोच. थांबल्यावर काय?

तुझ्या मनात आणखी एक गोष्ट आहे, तू बोलला नाहीस तरी मला दिसते. सर स्वतः कुठे बारीक आहेत? बरोबर. मी ९४ किलोंचा आहे, अकरा वर्षं ९४ च्या आसपास. घरचेही म्हणतात, अर्ध्यावर सोडलंस. मी सोडलेलं नाही. १०८ वरून १४ किलो उतरले आणि उतरलेलेच राहिले, काठावर आलेली साखर मागे गेली, गुडघे जिना चढू देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,२३४ जणांच्या अमेरिकी अभ्यासात उद्दिष्ट काय ठेवलं होतं माहीत आहे? फक्त ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मी १३ टक्के उतरवलंय. ७९ चा तो फोटो घरात अजून आहे. त्यात मी छान दिसतो, पण तसं राहायला मला पुन्हा एकटं जेवावं लागेल आणि ते मी करणार नाही. कुणाला हा हट्ट वाटला तर वाटू दे.

तू सव्वीस वर्षांचा आहेस. मला हे सव्वीसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर, हा विचार मी फार वेळा केलाय. आता तो राहू दे.

रक्त तपासून घे, साखर आणि थायरॉइड दोन्ही. तोवर पळणं बंद, कॅलरींची बेरीज बंद, वजन आठवड्यातून एकदा. एकच गोष्ट निवड, साठाव्या वर्षीही करशील अशी. कोणती, ते मला शुक्रवारी सांग. वही माझ्याकडे आहे. विसाव्या पानाला मी हात लावलेला नाही, फक्त पुढच्या पानावर तारीख घातली आहे. शुक्रवारची.

तुझा,
सर