कंटिन्युइटीची वही

सप्रेम नमस्कार,

मालिकेत सहायक दिग्दर्शक व्हायचंय म्हणून लिहिलेल्या तुझ्या मेलमध्ये शॉट, लेन्स, अभिनय सगळं आलंय, पण कंटिन्युइटीचा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी शूट झालेल्या सीनमधले कपडे, वस्तू आणि हालचाली जुळत्या ठेवण्याचा, उल्लेख कुठेच नाही. गोरेगावची चित्रनगरी असो की घोडबंदरचा एखादा बंगला, मालिकेच्या सेटवर नव्या सहायक दिग्दर्शकाच्या हाती बहुतेकदा आधी तेच काम येतं. म्हणून आज त्याबद्दलच लिहितोय.

मालिका क्रमाने शूट होत नाही. लाइट हलवण्यात वेळ जातो, म्हणून हॉलमध्ये लायटिंग झालं की दोन-तीन एपिसोडमधले हॉलचे सगळे सीन एकदम उरकतात. सून रडत हॉलमध्ये शिरली तो सीन आज होतो, आणि ती अंगणातून धावत आली तो चार दिवसांनी. मधल्या काळात तिच्या कितीतरी साड्या बदललेल्या असतात. पदराला पिन होती का, मंगळसूत्र आत होतं की बाहेर, हे तेव्हा कुणालाच आठवत नाही. ते तुझ्या वहीत हवं.

सीन हातात आला की आधी कथेतला दिवस लिही. कपडे सीननुसार बदलत नाहीत, दिवसानुसार बदलतात. तीन सीन एकाच सकाळचे असतील तर साडी एकच. कागदावर फक्त ‘दिवस’ किंवा ‘रात्र’ असेल तर आपल्या मनाने ठरवू नकोस, चीफ असिस्टंटला (मुख्य सहायक दिग्दर्शकाला) विचार.

फोटो रिहर्सलला काढून उपयोग नाही, त्यानंतर टचअप होतं. एक टेकच्या अगदी आधी काढ आणि एक सीन संपल्यावर, कपडे सांभाळणारे ड्रेसदादा नटांना घेऊन जाण्याआधी. दुसरा जास्त महत्त्वाचा: विस्कटलेले केस, पुसलेलं कुंकू ही शेवटची अवस्था पुढच्या सीनची सुरुवात असते. प्रत्येकाचा पूर्ण उंचीचा, कमरेपासून वरचा आणि हातांचा असे तीन फोटो पुरतात. कथेतल्या दिवसाप्रमाणे फोनमध्ये अल्बम ठेव. फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो दुपारपर्यंत दोनशे मेसेजखाली गाडला जातो.

हालचाल मात्र फोटोत सापडत नाही. ती पेन्सिलने संवादाच्या पानावरच मांड. ‘आई, ऐका ना’ मधल्या ‘ऐका’वर कप खाली ठेवला, तर त्या शब्दाखाली रेघ ओढून ‘कप खाली, उजवा हात’ असं लिही. क्लोजअपमध्ये तोच कप दुसऱ्या शब्दावर ठेवला गेला की एडिटरची पंचाईत होते, आणि मग तो जोड झाकायला तिसऱ्याच कुणाचातरी चेहरा लावतो. मालिकांत कोपऱ्यातल्या काकू उगाच चमकून जातात, त्यामागे कधीकधी हेच असतं. दिशाही नोंदव: अंगणात ती फ्रेमच्या उजवीकडून बाहेर पडली तर हॉलमध्ये डावीकडून आत यायला हवी, नाहीतर वाटेतूनच परत फिरल्यासारखी दिसते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून काटे सीनप्रमाणे लावायला आर्टदादांना सांग. उदबत्ती, समई, ताटातलं जेवण यांचे फोटो वेगळे काढ.

चूक दिसली तर लांबून नटाला हाक मारू नकोस. चीफच्या कानात सांग, पण लाइट हलायच्या आत. तेव्हा रिटेक दोन मिनिटांत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच चुकीसाठी सगळं लायटिंग पुन्हा करावं लागेल, आणि ते कुणी करत नाही.

क्लॅप, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवणं, तुला अर्ध्या तासात जमेल. सुरुवातीला राहून गेला तर शॉट संपताना पाटी उलटी धरून ‘एंड बोर्ड’ म्हणायचं, एवढं लक्षात ठेव.

पैशांचं: शिफ्ट 12 तासांची म्हणतात, लांबतेही. टीव्हीत पैसे साधारण 90 दिवसांनी मिळण्याची पद्धत आहे, तेव्हा पहिली रक्कम चौथ्या महिन्यात येईल असं धरून भाड्याची आणि डब्याची सोय करून ये. दर रोजाचा की महिन्याचा, रात्री पॅकअप झाल्यावर घरी सोडणार का, हे मेसेजवर लिहून घे. काम देण्यासाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिर.

दिग्दर्शकाला लांबलचक मेसेज पाठवण्यापेक्षा चीफ असिस्टंटला किंवा ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) चार ओळी लिही: कुठे राहणार, कधीपासून मोकळीक, मराठी टायपिंग येतं का, फोन नंबर. सोबत नमुन्याचं एक पान जोड. चालू मालिकेचा कुठलाही एपिसोड घे, पाच सीन थांबवत-थांबवत बघ आणि वर सांगितल्याप्रमाणे नोंदी कर. पहिल्या खेपेला तासाभराहून जास्त लागेल. ते पान कुणाला पाठवण्याआधी मला दाखव. मी आधी कथेतल्या दिवसाचा रकाना तपासेन.