फुल फ्रेम घेतला की फोटो सुधारतात का?

तुम्ही विचारलंय की १८-५५ किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) जुना क्रॉप सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग लहान असलेला, कॅमेरा सोडून ईएमआयवर मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घ्यावा का, रस्त्यावरचे आणि घरच्यांचे फोटो सुधारतील का. हा उद्योग मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

माझ्याकडेही तीच किट लेन्स होती. तिच्या जिवावर चार वर्षं मारबतीचे फोटो काढले. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी तर १८८१ पासूनची. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं जुनं नागपूर रस्त्यावर असतं. सोबत बडगे, म्हणजे वर्षभर ज्याचा राग आला त्याचे पुतळे, पाट्यांसकट. खरी गंमत त्या पाट्यांत असते.

पाचव्या वर्षी फुल फ्रेम आणि ८५ एमएम एफ १.४ ही लांबचं जवळ आणणारी, मोठ्या तोंडाची लेन्स गळ्यात घालून गेलो. ऐटच वेगळी होती. लोक वाट देत होते, "प्रेसवाले हाय काय भाऊ?" विचारत होते. रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले. एकेक चेहरा लख्ख, मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. बडगा उचललेल्या पोराच्या भुवया मोजून घ्या, पण मागच्या पाटीवरचं एक अक्षर लागेना. मारबत होती की कुणाची वरात, सांगता येऊ नये.

हिशेब साधा आहे. दोन मीटरवरून ८५ एमएम एफ १.४ वर ठेवली तर जेमतेम चार-पाच सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा साधला की कान गेला. एफचा आकडा वाढवला की लेन्सचं तोंड बारीक होतं आणि जास्त भाग स्पष्ट येतो; एफ ८ ठेवता आलं असतं की! पण एफ १.४ चे पैसे मोजलेत तर एफ ८ वर कोण ठेवणार? असली अक्कल महागड्या लेन्ससोबत फुकट येते. त्यात पोटापर्यंतचा माणूस बसवायचा तर मागे सरकावं लागतं, आणि इतवारीच्या गल्लीत पाठीशी हातगाडी.

आधीची चार वर्षं मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर तीन-तीन तास बसून असायचो. किट लेन्सच्या १८ एमएमवर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, समोरची गर्दी, विजेच्या तारा, गच्चीवरच्या बाया, सगळं मावायचं. त्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "मागच्या साली इथं बसून होता ना तू? आज नुसता पळून राहिला." तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता कॅमेऱ्याची बाजूही सांगायला हवी. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, क्रॉपचा साधारण २३.५ × १५.६. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त. त्यामुळे रात्रीच्या मांडवात किंवा पेंचच्या जंगलात उजाडताना नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी येतो, हा फरक डोळ्यांना दिसतो. लांबच्या वाघाला लांब लेन्सच लागते, तिथे बसून राहण्याने भागत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर खुशाल घ्या.

पण घरच्यांसाठी आणि रस्त्यासाठी? सेकंडहँड ५० एमएम एफ १.८ बघा. क्रॉपवर ती ७५-८० सारखी वागते, चेहऱ्यांना छान. फुल फ्रेमचा मोह सुटतच नसेल तर दोन दिवस भाड्याने आणा, एक संध्याकाळ फुटाळा तलावावर घालवा, आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो घरच्यांना न सांगता दाखवा. माझ्या बायकोने पाचपैकी तीनदा जुन्याचा निवडला.

८५ मी विकली, तोट्यात. जुना कॅमेरा तर तेव्हाच भाच्याला देऊन टाकला होता. गेल्या पोळ्याला तो एका दिवसासाठी मागायला गेलो, तर हातात देताना म्हणतो, "मामा, हप्ते फिटले काय?"