अँटेनासाठी खरी उत्तर दिशा

प्रश्न : हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावर मी गच्चीवर यागी (एका दिशेला रोखायची दांड्यांची) अँटेना उभारली आहे. रोटेटर (अँटेना फिरवणारे यंत्र) शून्यावर जुळवण्यासाठी उत्तर दिशा हवी. परंतु गच्चीच्या दोन टोकांना होकायंत्र सुमारे १५ अंशांच्या फरकाने उत्तर दाखवते. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतील फरक तो हाच का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्या फरकाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. तो आपल्या भागात जेमतेम एका अंशाच्या आसपास असून एकाच गच्चीवर जागोजागी बदलत नाही. सुईला भुलवणारे लोखंड जवळच आहे : स्लॅबमधील सळ्या, टाकीचा सांगाडा आणि खुद्द अँटेनाचा खांब. मोबाइलमधील होकायंत्रही चुंबकीयच असल्याने त्याची साक्ष वेगळी धरू नये. डोंगरावर जाऊनही खात्री नाही, कारण येथील काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त चुंबकीय खनिज असते.

खरे तर आपल्याला उत्तरच हवी असे नाही. कोणतीही एक दिशा अचूक ठाऊक असली म्हणजे पुरे. गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरील मनोरा दिसत असेल, तर उपग्रह नकाशावर आपल्या खांबापासून त्या मनोऱ्यापर्यंत रेषा ओढून तिचा उत्तरेपासूनचा कोन मोजावा, अँटेनाचा मधला लांब दांडा मनोऱ्यावर रोखावा आणि रोटेटरवर तोच आकडा लावावा. अंतर २ किलोमीटर असल्यास नकाशावरची ५ मीटरची चूकही अंशाच्या सातव्या भागाएवढीच ठरते.

पडताळा सूर्यावरून घ्यावा. प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि सातारा ७४ अंशांजवळ, म्हणून येथील मध्यान्ह सरासरी १२.३४ वाजता होते. नोव्हेंबरच्या आरंभी मात्र १२.१८ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४८ च्या सुमारास. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली उत्तर-दक्षिण पडते. हे काम हिवाळ्यात करावे, कारण तेव्हा एका मिनिटाची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. एप्रिलच्या मध्यास सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने तीच चूक पावणेदोन अंशांवर जाते. साधारण १० मे ते १ ऑगस्ट या काळात तर सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते, हे न जाणणारा अँटेना नेमकी उलटी लावून बसेल.

तीन आडव्या दांड्यांच्या यागीचा झोत सुमारे ६० अंश रुंद असतो, त्यामुळे एकदोन अंशांसाठी जीव टाकू नये. पावसाळी वाऱ्याने खांबाचा क्लॅम्प सरकतो. म्हणून दसऱ्याच्या सुमारास मनोऱ्यावरचा रोख एकदा पुन्हा पाहावा.