आजोबांविषयी मिस्सेत काय बोलू?

प्रश्न : काकू, आमचे आजोबा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. गेल्या महिन्यात ते देवाघरी गेले. आम्ही कॅथलिक. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, आहे आणि फादरांनी मला आजोबांविषयी पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. लढाईबद्दल ते घरात कधी बोललेच नाहीत. पाच मेडल आहेत, ती कशाची ते कुणालाच ठाऊक नाही. वर शेजारचे विचारतात, ‘तुमच्यातले लोक मिलिटरीत कसे?’ मी उभा राहून काय सांगू?
— एक नातू, कराड

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मी आधी आतल्या खोलीत गेले आणि बाबांची ट्रंक उघडली. माझे बाबाही कॅथलिक, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. चीनच्या लढाईनंतर भरती झाले, खडकीला शिकले, नायब सुभेदार होऊन सांगलीला परत आले. तेही काही सांगायचे नाहीत.

मेडलपासून सुरुवात कर, कारण ती बोलतात. प्रत्येकाची कड आणि मागची बाजू उजेडात धरून बघ, तिथे बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ‘समर सेवा स्टार’ किंवा ‘रक्षा मेडल’ असेल तर ते १९६५ च्या युद्धाचं. ‘पूर्वी स्टार’ म्हणजे १९७१ साली आजोबा बांगलादेशच्या बाजूला होते, ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पाकिस्तानच्या पश्चिम सीमेवर. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर ‘हिमालय’, ‘जम्मू काश्मीर’ असं प्रदेशाचं नाव असतं. बाकीच्या तारखा डिस्चार्ज बुकात सापडतील. आजीच्या पेन्शनच्या कागदांतच ते असणार. पण मिस्सेत ही यादी वाचू नकोस. ती तुझ्यासाठी आहे, म्हणजे बोलताना तू चाचरणार नाहीस.

बाबांचा ‘पश्चिमी स्टार’ मी लहानपणापासून बघत होते. त्याचा अर्थ मला पहिल्यांदा समजला तो अंगणात, माझ्या मुलामुळे. तो सात वर्षांचा होता. ‘आजोबा, तुम्ही किती जण मारले?’ असं त्याने विचारलं. बाबा उठले, परातीत ओली वाळू भरली, डब्यांची तीन झाकणं तिच्यात पुरली आणि आईची विणकामाची सुई त्याच्या हातात दिली. ‘शोध. सरळ वरून टोचलीस तर सुरुंग फुटला समज. तिरकी घाल, म्हणजे सुई त्याच्या कडेला लागेल.’ पोरगं तासभर पालथं पडून होतं. तिसरं झाकण सापडल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘आपण वाट मोकळी करायची, मग बाकीचे पुढे जातात.’ सव्वीस वर्षं मी ज्यांची मुलगी होते, त्यांचं काम मला त्या परातीत दिसलं.

म्हणून सांगते, आजोबांना लढाईबद्दल विचारायचं राहून गेलं याची खंत करू नकोस. त्यांचे हात काय करायचे ते आठव. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. त्यांनी जिन्याला दोर बांधला, गाठी स्वतः तपासल्या आणि आम्ही दोघांनी आईला खुर्चीसकट वर नेलं. वर पोचल्यावर त्यांनी आधी तिचे केस विंचरले, वेणी घातली. रोज घालायचे, त्या दिवशीही घातली. मग रोझरी, म्हणजे जपमाळ, काढली. बोट येईपर्यंत आम्ही तिची पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हटली.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं मला वाईट वाटलं, पण त्यांना अल्बर्ट एक्का यांचं नाव सांग. १९७१ च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या मशीनगन बंद पाडताना त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते ख्रिस्ती होते. माझे बाबाही पलटणीत दिवाळीला मंदिर परेडला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र पूजेला, उभे असत आणि नाताळला साहेबांपासून जवानांपर्यंत सगळे बाबांकडे येत. यात विचारण्यासारखं काही आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आणि एक गोष्ट मिस्सेतलीच. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी आपण सगळे म्हणतो ना, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी योग्यता नाही? ते वाक्य एका सैनिकाचं आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात रोमन शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांचा अधिकारी, आपल्या आजारी चाकरासाठी येशूला तसं म्हणतो. बाबा त्या वाक्याला पाय जुळवून ताठ उभे राहायचे. मला वाटायचं सवय आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘आपल्यातलाच माणूस बोलतोय.’ २ तारखेला ते वाक्य येण्याआधी तू हे सांगितलंस, तर अख्खी दफनभूमी ते वेगळं म्हणेल.

अजून दिवस आहेत. मेडल पॉलिशने घासू नकोस, कोरलेली अक्षरं झिजतात. मऊ कापडाने नुसती पूस आणि नंबर वहीत उतरवून घे. जुनी आंतरदेशीय पत्रं असतील तर तीही काढ. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर गावाचं नाव नसेल, फक्त ‘५६ एपीओ’ असं लष्कराच्या टपाल कार्यालयाचं नाव असेल. कुठून लिहिलंय ते कळणार नाही, पण घरात कुणाला ताप होता, कुणाची फी भरायची होती, ते सगळं आत असेल.

मग संध्याकाळी आजीजवळ बस आणि विचार, सुट्टीवर आले की ते पहिल्यांदा काय करायचे? मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘ट्रंक दारात ठेवायचे आणि आधी विहिरीचा दोर तपासायचे. मी रोज त्याने पाणी काढते म्हणून.’