फिरत्या कला प्रकल्पात एका छोट्या गावाची नोंद दोन दिवसांत कशी करावी: चित्रवहीत की कॅमेऱ्यात?

अशा तीन प्रकल्पांतून फिरल्यावर माझे मत असे झाले आहे की, साधन कोणते हा यातला दुय्यम प्रश्न आहे. गावातल्या माणसाने तुमचे काम तिथेच पाहिले का, आणि त्याचे नाव तुम्ही लिहून घेतले का, यावर नोंदीची किंमत ठरते.

पहिल्या प्रकल्पात मी एका जुन्या दुमजली घराचे चित्र जलरंगात करीत होते. वरच्या मजल्यावरची खिडकी बंद होती. परंतु भिंतीचा तो भाग मला सपाट वाटला, म्हणून मी ती उघडी दाखवली आणि आतल्या काळोखासाठी गडद निळा रंग भरला. घराचे मालक, सत्तरी उलटलेले गृहस्थ, बराच वेळ माझ्या मागे उभे होते. ओल्या कागदाला स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर बोट धरून त्यांनी विचारले, "ही उघडी कधी पाहिलीत तुम्ही?" मी रचनेचे कारण सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, "धाकटा गेला त्या वर्षापासून ती उघडलेली नाही. बंदच काढा."

जलरंगात गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणे फार अवघड असते. ओल्या कुंचल्याने रंग उचलू पाहिला तर कागदाचे तंतू वर आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे चित्र नव्याने केले. फळ्यांमधली उभी फट आणि कडीपासून खाली उतरलेला गंजाचा तांबूस ओघळ मला तेव्हा दिसला. आदल्या दिवशी तीन तास समोर बसूनही तो मी पाहिला नव्हता. ते दुसरे चित्र माझ्या चांगल्या कामांपैकी एक आहे, असे मी आजही मानते.

चित्राखाली मी मालकांचे नाव आणि खिडकीची हकिकत त्यांच्या संमतीने लिहिली होती. शहरातल्या प्रदर्शनात संयोजकांनी ती ओळ काढून 'बंद खिडकी' एवढेच ठेवले. नावामुळे चित्र एका घरापुरते उरते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि दाखला दिला तो अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या १९३६ मधल्या 'मायग्रंट मदर' या, एका गरीब स्थलांतरित मजूर आईच्या छायाचित्राचा: त्यात नाव नाही, तरीही ते जगभर पोहोचले. तेव्हा मी निरुत्तर झाले. आज होणार नाही. लँग यांनी त्या स्त्रीला नावच विचारले नव्हते. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडावे लागले, आणि त्या कुटुंबाने गाडीचे टायर विकले होते ही लँग यांनी सांगितलेली गोष्ट थॉम्पसन यांच्या मुलाने पुढे साफ नाकारली. नाव विचारले असते, पुन्हा भेट झाली असती, तर ती चूक इतकी वर्षे टिकली नसती. माझी उघडी खिडकी एका दिवसात दुरुस्त झाली, कारण मालक मागे उभे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. ब्रिटनमध्ये १९४० पासून कलाइतिहासकार केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने बदलत्या आणि धोक्यात आलेल्या इमारतींची व गावांची नोंद झाली, तेव्हा कॅमेरा सर्रास उपलब्ध असतानाही काम मुख्यतः जलरंगातच करवून घेतले गेले. अशी १५०० हून अधिक चित्रे जमली. मीही चित्रवहीच निवडेन आणि पाट्यांवरची अक्षरे, मापे यांपुरता कॅमेरा वापरेन. चित्र काढताना माणूस एका जागी बसतो, म्हणून लोक जवळ येऊन बोलतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेले सर्व काम, अपुरे असले तरी, त्याच गावात मांडा.

अर्थात काहींना आपले नाव नको असते, आणि तिथे आग्रह धरणे गैर आहे. परंतु तो निर्णय त्या व्यक्तीचा असावा, संयोजकांचा नव्हे. चित्राखालची ओळ कोण लिहिणार आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला, हे करारपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्या. मी ते मागितले नव्हते.