स्वार्थ, दुःख आणि निर्मात्याचा हेतू : कब्बालाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कब्बालाची, म्हणजे यहुदी परंपरेतील गूढविचाराची, ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच शंकेपाशी येऊन थांबतात. देव जर भला असेल, तर माणूस इतका आपमतलबी का घडला आणि त्याच्या वाट्याला इतके दुःख का आले? त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : जिवांना सुख द्यावे हाच निर्मात्याचा हेतू होता, असे लेखात म्हटले आहे. मग त्याने माणसाला जन्मतःच स्वार्थी का केले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कब्बालाच्या सर्व आचार्यांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. झोहर हा या परंपरेचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात प्रकट झाला. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी गॅलिलीतील त्स्फात या डोंगरावरील गावात इसाक लुरिया यांनी सृष्टीच्या उत्पत्तीची जी मांडणी केली, ती पुढच्या बहुतेक विचारांचा पाया ठरली. लुरिया 1570 मध्ये तेथे आले आणि 1572 मध्ये साथीच्या रोगात वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारले. त्यांनी स्वतः फारच थोडे लिहिले. आज आपल्याला जे उपलब्ध आहे, ते मुख्यतः त्यांचे शिष्य हाईम व्हिटल यांनी नोंदवून ठेवलेले आहे.

त्या मांडणीनुसार आरंभी सर्वत्र अनंत प्रकाशच होता आणि दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. निर्मात्याने तो प्रकाश आवरून घेतला आणि एक पोकळी निर्माण केली. या आवरण्याला त्सिमत्सुम म्हणतात. त्या पोकळीत प्रकाशाचा किरण आला, तो धरून ठेवण्यासाठी पात्रे घडली. पण काही पात्रांना तो भार पेलवला नाही आणि ती फुटली. त्यांच्या तुकड्यांबरोबर प्रकाशाच्या 288 ठिणग्या खालच्या जगांत विखुरल्या. त्या वेचून पुन्हा मूळ ठिकाणी पोहोचवण्याचे काम, म्हणजे तिक्कुन, माणसाकडे आले.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर मात्र विसाव्या शतकातील येहुदा अश्लाग यांच्याकडे मिळते. त्यांचा जन्म 1885 मध्ये वॉर्सा येथे झाला. 1921 मध्ये ते जेरुसलेमला गेले आणि आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्यांनी झोहरवर ‘हासुलाम’, म्हणजे ‘शिडी’, हे विस्तृत भाष्य लिहिले. लुरियांच्या प्रकाश आणि पात्र या शब्दांचा अर्थ त्यांनी माणसाच्या मनोव्यापाराच्या भाषेत लावला. प्रकाश म्हणजे निर्मात्याला द्यायचे असलेले सुख आणि पात्र म्हणजे ते सुख घेण्याची इच्छा. ज्याला काहीच नको आहे, त्याला कोणी काही देऊ शकत नाही. म्हणून द्यायचे ठरताच घेण्याची इच्छा निर्माण करणे भाग होते. अश्लाग तर असे म्हणतात की निर्मात्याने शून्यातून निर्माण केलेली वस्तू हीच एक आहे. दगडापासून माणसापर्यंत जे जे काही आहे, ते या इच्छेचेच कमीअधिक रूप आहे आणि माणसात ती सर्वांत तीव्र झाली आहे.

येथेच अडचण उभी राहते. आत्म्याच्या जगात अंतर मैलांनी मोजले जात नाही. स्वभाव सारखा असेल तर जवळीक आणि विरुद्ध असेल तर दुरावा. निर्माता केवळ देणारा, तर जीव केवळ घेणारा. म्हणजे ज्या इच्छेमुळे जीव अस्तित्वात आला, तिनेच त्याला निर्मात्यापासून पराकोटीचे दूर नेले. शिवाय फुकट मिळालेल्या सुखाला लाज चिकटलेली असते. दुसऱ्याचे अन्न खाणारा त्याच्या तोंडाकडे पाहायला लाजतो, असे जेरुसलेम तालमूदमध्ये म्हटले आहे (तालमूद म्हणजे यहुदी आचार्यांच्या धर्मचर्चांचा प्राचीन संग्रह). त्यावरून ‘लज्जेची भाकरी’ ही कल्पना रूढ झाली. अठराव्या शतकात पादुआच्या मोशे हाईम लुझ्झात्तो यांनी माणसाला श्रम, निवड आणि चूक करण्याची मोकळीक का दिली गेली, याचे स्पष्टीकरण याच कल्पनेवर उभे केले.

हा पेच सोडवण्यासाठी अश्लाग यांनी यजमान आणि पाहुण्याचा दाखला दिला आहे. पाहुण्याला भूक लागलेली आहे, समोर ताट वाढलेले आहे, तरी संकोचाने तो ‘नको’ म्हणतो. यजमान आग्रह करतो, तुम्ही चार घास घेतले नाहीत तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही, असे विनवतो. शेवटी यजमानाला बरे वाटावे म्हणून पाहुणा जेवायला बसतो. ताट तेच, भूक तीच आणि घासही तेच. पण आता त्या घेण्याचे देणे झाले आहे, कारण खाणाऱ्याने खाऊन खाऊ घालणाऱ्याला सुख दिले. ज्यांच्या घरी जेवणाचा आग्रह हा पाहुणचाराचाच भाग आहे, अशा मराठी वाचकाला हे फोड करून सांगावे लागू नये. मला या दाखल्यातील पहिला ‘नको’ विशेष महत्त्वाचा वाटतो. त्याला कब्बालात मासाख, म्हणजे पडदा, असे नाव आहे. आलेले सुख क्षणभर थोपवून धरल्याशिवाय ते कोणासाठी घेतो आहोत, हे ठरवण्याची संधीच माणसाला मिळत नाही.

तर स्वार्थ ही निर्मितीतील चूक आहे, असे अश्लाग मानत नाहीत. ती कच्ची सामग्री आहे. आपल्यासारखे होण्याचा मार्ग जिवाने स्वतः निवडावा, अशी निर्मात्याची योजना होती; ती निवड करायला सुरुवातीला वेगळेपण हवेच होते.

प्रश्न : अहंकार सोडा, वासना मारा, असे आपले संतही सांगतात. कब्बालाचे सांगणे तेच आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ध्येयाच्या दृष्टीने साम्य आहे, मार्गाच्या दृष्टीने बराच फरक आहे. निदान अश्लाग यांच्या परंपरेत इच्छा मारण्याचा उपदेश नाही. कारण इच्छा मारली तर पात्रच उरत नाही आणि निर्मात्याचा हेतूच फसतो. तेथे बदलायचा असतो तो इच्छेमागचा उद्देश. साधकाची प्रगती होते तशी त्याची हाव वाढते, कमी होत नाही, असेही ही परंपरा मानते. प्रत्येक पायरीवर पूर्वीपेक्षा मोठा स्वार्थ समोर येतो आणि तो वळवावा लागतो. ‘ज्याची थोरवी अधिक, त्याची वासनाही अधिक’ अशा अर्थाचे तालमूदमधील वचन कब्बालाचे अभ्यासक या संदर्भात आवर्जून सांगतात. अद्वैताशी तुलना करताना हेही लक्षात ठेवावे की येथे जीव निर्मात्याला चिकटून राहतो, त्याच्यासारखा होतो. पण दोघांतला देण्याघेण्याचा संबंध बहुतेक आचार्यांनी शेवटपर्यंत कायम ठेवला आहे.

प्रश्न : हे सारे तत्त्वज्ञान म्हणून ठीक आहे; प्रत्यक्षात उद्देश बदलायचा कसा? आम्ही दान करतो तेव्हाही मनात पुण्याचा विचार असतोच. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचे निरीक्षण अश्लाग यांना पूर्ण मान्य झाले असते. देवळाला किंवा शाळेला देणगी देणारा माणूस संगमरवरी पाटीवर आपले नाव नीट कोरले आहे ना, हे पाहायला जातो, तेव्हा तो देत नसून विकत घेत असतो. पाटी न लावणाराही कधी कधी आपल्या निरिच्छपणाचे कौतुक मनातल्या मनात करून घेतो. तरीही परंपरा त्याला ‘देऊ नकोस’ असे म्हणत नाही. सत्कृत्य स्वार्थाने का होईना करीत राहा, कारण स्वार्थाने करता करता माणूस ते निःस्वार्थपणे करू लागतो, असे तालमूद सांगते. जो खोटेपणा स्वतःला दिसू लागला, तो अर्ध्या वाटेवर आला, असे मला वाटते. ज्याला तो दिसतच नाही, त्याचे काम अवघड.

सरावाची जागा कोणती, याचे अश्लाग यांचे उत्तर साधे आहे : शेजारी. ‘आपल्यासारखीच शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही बायबलच्या लेवीय ग्रंथातील आज्ञा हा धर्मशास्त्राचा मोठा नियम आहे, असे प्राचीन यहुदी धर्मगुरू रब्बी अकिवा म्हणत. अश्लाग यांनी आपल्या एका महत्त्वाच्या निबंधाची सुरुवात याच वचनापासून केली. देव दिसत नाही, त्यामुळे आपण त्याच्यावर निःस्वार्थ प्रेम करतो, अशी स्वतःची फसवणूक करून घेणे सोपे असते. शेजारी समोर असतो, अडचणीच्या वेळी दार वाजवतो, उसने मागतो, कधी कधी उपकारही विसरतो. त्याच्याबाबतीत फसवणूक फार काळ टिकत नाही.

प्रश्न : माझी धाकटी बहीण अनेक वर्षे असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळून आहे. एका अभ्यासवर्गात आम्हाला सांगण्यात आले की दुःख हे आत्म्याच्या दुरुस्तीसाठी असते आणि तिने स्वार्थ सोडला असता तर हे टळले असते. कब्बाला खरेच असे म्हणते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या बहिणीविषयी असे बोलण्याचा अधिकार त्या वर्गातील कोणालाही नव्हता, हे मी प्रथम स्पष्टपणे लिहितो.

आता कब्बाला काय म्हणते ते पाहू. अश्लाग दोन मार्ग सांगतात. मानवजात आपल्या स्वार्थाचे स्वरूप ओळखून, शिकून, स्वेच्छेने बदलू शकते. नाहीतर घाव खात, मागून ढकलली जात तेथेच पोहोचते. पहिल्याला ते तोराचा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा, मार्ग म्हणतात, दुसऱ्याला दुःखाचा. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील ‘योग्य समयी मी हे त्वरित घडवून आणीन’ या वचनात त्यांना हे दोन्ही मार्ग दिसतात : समयी म्हणजे दुःखाच्या वाटेने, त्वरित म्हणजे ज्ञानाच्या वाटेने. पण हे विधान मुख्यतः समाजांविषयी आणि पिढ्यांविषयी आहे. माणसे एकमेकांना ओरबाडतात, त्यातून युद्धे आणि उपासमार उद्भवते, हे कोणालाही पटेल. त्यावरून एका माणसाच्या पेशींत झालेला बिघाड हा त्याच्या स्वार्थाचा हिशेब आहे, असा निष्कर्ष काढणे मला अश्लाग यांच्या विचाराचाही विपर्यास वाटतो. बायबलमधील इयोबाच्या ग्रंथात, दुःखात सापडलेल्या इयोबाच्या मित्रांनी हेच केले होते. ते त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच वागण्यात शोधत राहिले आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर.

तालमूदच्या बेराखोत या भागात एक प्रसंग आहे. रब्बी हिय्या बार अब्बा आजारी पडतात. रब्बी योहानान त्यांना भेटायला जातात आणि विचारतात, ही दुःखे तुला प्रिय आहेत का? आजारी माणूस उत्तर देतो : तीही नकोत आणि त्यांचे फळही नको. योहानान त्यावर एका शब्दानेही उपदेश करत नाहीत. ‘हात दे’ म्हणतात आणि त्यांना उठवतात. पुढे योहानान स्वतः आजारी पडतात, तेव्हा रब्बी हनिना येऊन तोच प्रश्न विचारतात, तेच उत्तर मिळते आणि ते त्यांना हात देऊन उठवतात. दुसऱ्याला उठवणाऱ्या योहानान यांनी स्वतःला का उठवले नाही, असा प्रश्न तेथे उपस्थित केला आहे. उत्तर असे : कैदी स्वतःला कैदेतून सोडवू शकत नाही. हे योहानान म्हणजे ज्यांची दहा मुले वारली होती ते. दुःखाचे फळ मोठे असते, ही शिकवण त्यांच्या कानांवरून गेली नव्हती असे नाही. तरीही खाटेवरच्या मित्राने ‘नको’ म्हटल्यावर त्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या काळाच्या जवळचे आहे. वॉर्साजवळच्या पियासेच्नो येथील हसिदी, म्हणजे यहुदी भक्तिपंथातील, गुरू कालोनिमस काल्मान शापिरा यांचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर 1939 च्या बाँबवर्षावात जखमी होऊन वारला. त्यानंतर नाझींनी यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या वस्तीत (घेट्टोत) असताना 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत ते प्रवचने करीत आणि लिहून ठेवीत राहिले. सुरुवातीच्या प्रवचनांत दुःखाचा अर्थ लावण्याची धडपड आहे. हळूहळू तो आग्रह ओसरतो आणि एक वेगळाच विचार पुढे येतो : निर्माता आपल्या अंतर्गृहात स्वतः रडतो आहे, आणि दुःखी माणूस तेथे जाऊन त्याच्याबरोबर रडू शकतो. 1942 च्या अखेरीस त्यांनी आधीच्या एका प्रवचनाला टीप जोडली की आता जे चालले आहे, तसे पूर्वी कधीच घडले नव्हते. आपलेच जुने स्पष्टीकरण अपुरे पडल्याची ती कबुली होती. 1943 मध्ये नाझींनी त्यांची हत्या केली. जमिनीत पुरून ठेवलेली त्यांची हस्तलिखिते युद्धानंतर सापडली आणि 1960 मध्ये छापली गेली.

दुःखातून आपण काय शिकलो, हे ज्याने सोसले त्याने, सोसून झाल्यावर, वाटल्यास सांगावे. दुसऱ्याच्या दुःखाला हेतू चिकटवणे हाही एक स्वार्थच आहे. कारण त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनाची अस्वस्थता कमी होते आणि मदत करण्याची जबाबदारी टळते. तुमच्या बहिणीला तिच्या दुखण्याचे कारण सांगू नका. तिला काय हवे आहे ते विचारा. तुम्हीही थकला असाल, तर आठवड्यातून काही तास तिच्याजवळ बसण्यासाठी दुसऱ्या कोणाची मदत मागायला संकोच करू नका.

प्रश्न : महाराष्ट्रातील यहुद्यांमध्ये कब्बालाचा अभ्यास होता का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाचे धर्मजीवन मुख्यतः शब्बाथ, सण आणि प्रार्थना यांभोवती गुंफलेले होते. ग्रंथरूपातील कब्बालाचा ठसा अधिक दिसतो तो मुंबई आणि पुण्यात स्थायिक झालेल्या बगदादी यहुद्यांत. पुण्याच्या ए. डी. इझेकिएल यांनी झोहरमधील ‘इद्रा झुता’ या भागाचे यहुदी-अरबी भाषांतर 1887 मध्ये पुण्यातच छापले. ते सर्व धर्मांतील गूढविचाराचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. गूढ मानला गेलेला मजकूर सर्वांना वाचता यावा, असा त्यांचा प्रयत्न होता आणि त्यावरून त्यांना सनातनी मंडळींचा रोषही पत्करावा लागला.